गाय अडली तेव्हा

...आणि वर तोंड करून पुन्हा तिलाच सांगतात, "मॅडम, तुम्ही समजून घ्याल!" का हो? का म्हणून? समजून घ्यायचा मक्ता काय आमच्या ताईनं एकटीनं घेतलाय? आणि ताई तरी कशी... "बरं," म्हणाली! नुसतं "बरं"! तुम्हाला सांगते, या एका "बरं"नं माझं निम्मं रक्त आटलंय.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. पशुविज्ञानाच्या कॉलेजात शिकवते. गाईम्हशींचं प्रजनन. निम्मं आयुष्य गोठ्यात गेलंय तिचं. आणि संशोधन कशावर? तर गाईला कालवडच कशी होईल यावर! म्हणजे बघा, गोठ्यात मादी जन्मावी म्हणून अख्खा विभाग जिवाचं रान करतो, आणि गोठ्याबाहेर, विभागात, मादी एकच... आमची ताई. तिची खोली कुठं? जंतनाशकाची खोकी रचतात, तिथं. खोकी आधीपासून आहेत हं, ताई नंतर आली! खोकी हलवायला नकोत म्हणून टेबल भिंतीला लावलं. ताई म्हणाली, "बरं."

तर जुने विभागप्रमुख निवृत्त झाले. आता नंबर कुणाचा? शेंबडं पोरही सांगेल, ताईचा. मुलाखत झाली. समोर पाच पुरुष, ओळीनं, मोड आलेल्या मटकीसारखे. मधले संचालकसाहेब घसा खाकरून म्हणतात (त्यांचा आवाज असा, नाकातून, सर्दी झाल्यासारखा), "मॅडम, अवेळी गोठ्यात जावं लागतं. जमेल ना... घर सांभाळून?" अहो, जी बाई आजवर अवेळीच गोठ्यात जात आली, तिला हे विचारताय? त्यांना कधी कुणी विचारलंय, की साहेब, घर सांभाळून संचालक होणं जमतंय ना? ताईच्या नवऱ्याला, आमच्या भाऊजींना, तर धुवायचे कपडे कुठले आणि धुतलेले कुठले, हे अजून वासावरून ठरवावं लागतं! पण ताई? "जमेल," म्हणाली. "कळवतो," म्हणाले. "बरं," म्हणाली.

दुसरा उमेदवार कोण, तर ताईचाच विद्यार्थी. आम्ही घरात त्याला लॅपटॉप म्हणतो. गाई त्याच्या पडद्यावर असतात. तिथं त्या शेण टाकत नाहीत, हंबरत नाहीत, फक्त आलेख होऊन वर चढतात. हुशार आहे हो, नाही म्हणत नाही मी. पण खरी गाय दिसली की हा दाराशी उभा राहून शिंकतो!

निकाल यायच्या आधीच संचालकांना समता आठवली. विभागात स्त्री-पुरुष समता समिती हवी. अध्यक्ष कोण? ताई. सदस्य कोण? विभागात दुसरी बाई आहे कुठं! मग ताईनंच परिसंवाद भरवायचा, ताईनंच पाहुणे बोलवायचे, ताईनंच पुष्पगुच्छ द्यायचे. व्यासपीठावर सगळे पुरुष, आणि ताई खाली, गुच्छ घेऊन, पायरीशी. मी तिच्या शेजारी, कारण दोन गुच्छ तिच्या हातात मावत नव्हते.

आणि नेमकी गाय अडली!

गोठ्यातून फोन. त्या दिवशी पाळी लॅपटॉपची. लॅपटॉप व्यासपीठावर, टाय लावून. ताईनं वर बघितलं, त्यानं खाली बघितलं, मग त्यानं छताकडं बघितलं. ताईनं तिचे गुच्छ माझ्या हातात कोंबले आणि निघाली. मी मागं, गुच्छांसकट! वासराचा एक पाय आत दुमडलेला. ताईनं चांगले कपडे वर खोचले, खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि हात आत घातला. गाय कळ देते तेव्हा आतला हात असा आवळला जातो म्हणे, की दारात बोटं चेमटल्यासारखं होतं. ताईचे ओठ पांढरे. आणि बाहेरच्या झाडावर कर्णा लावलेला, त्यातून संचालक: "स्त्रियांनी पुढं आलं पाहिजे! अजून पुढं!"

अहो, ती खांद्यापर्यंत आत गेलीय, अजून कुठं येऊ दे पुढं?

मग कर्ण्यातूनच आलं, "या मंगल प्रसंगी नव्या विभागप्रमुखांचं नाव जाहीर करताना..." आणि लॅपटॉपचं नाव. टाळ्या. मी ओरडले, "ताई! ऐकलंस?"

"ऐकलं," ताई म्हणाली. "दोरी दे."

दिली. काय करणार? ओढलं दोघींनी. वासरू धपकन गवतावर आलं, गाय वळून चाटायला लागली, आणि ताई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, आता रडेल. मी तर रुमालही काढून ठेवला. ती उजवा हात मांडीवर ठेवून बघत होती, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"दुखतंय?"

"नाही गं. काहीच कळत नाहीये."

"हाताचं विचारतेय मी."

ती उठली. हात धुतला, दोनदा साबण लावून, आणि सभागृहात परत गेली. आभारप्रदर्शन राहिलं होतं ना तिचं! सगळ्यांचे मानले. संचालकांचे, पाहुण्यांचे, लॅपटॉपचे. चेहरा असा, की पाटीवरचं पुसून झाल्यावर पाटी राहते, तसा. घरी येऊन जेवली, स्वतःचं ताट विसळलं, झोपली. मीच तळमळत पडले!

दुसऱ्या दिवशी संचालकांचा फोन. तोच तो, नाकातून. "मॅडम, नव्या प्रमुखांना गोठ्याची जरा सवय नाही. थोडं दाखवा. तुम्ही समजून घ्याल." आणि ताईचं ते "बरं"... आलं लक्षात, माझं रक्त का आटलंय?

गेली. मीही गेले, म्हटलं बघू तरी. लॅपटॉप रुमाल नाकाला लावून उभा. परवापर्यंत ताई त्याला "अरे" म्हणायची. काल व्यालेल्या गाईपासून तो चार हात लांब, अंग चोरून विचारतो, "मॅडम, ही... लाथ मारते का?"

ताईनं गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"नाही सर," म्हणाली. "इथं कुणीच मारत नाही."