पुंडलिकरावांना नेलं की नाही

...नाही म्हणजे नाही, शेवट मी सांगणार नाही! तुम्हाला सांगतो, माणूस उचलून नेल्याच्या कथेची आपल्या पट्ट्यात दोन जुनी रूपं आहेत; एकात साती आसरा डोहात ओढतात, दुसऱ्यात चकवा रानभर फिरवतो, आणि दोन्हींत माणूस परतला की गाव त्याला आधी जेवू घालतं. पुरावा मागत नाही! मग सावरगावच्या पुंडलिकरावांनाच का मागावा? सांजेला संत्र्याच्या बागेत ओलित करताना, म्हणजे झाडांना पाणी देताना, वरून उजेड आला, त्यानं उचललं आणि जामसांवलीच्या रस्त्यावर आणून सोडलं, असं ते सांगतात. मी त्यावर फिल्म काढली. खरं की खोटं, ठरवलं नाही. ठरवलं असतं तर ते एक तर देव झाले असते, नाही तर बेवडे... आणि त्यांना फक्त पूर्वीसारखं चारचौघांत बसायचं होतं हो!

पण फिल्मचे निर्माते पांढुर्ण्याचे यशवंतराव, संत्र्यांचे व्यापारी! ‘सर, उडती तबकडी दाखवा न जी! पब्लिक काय बगीचा पाहाले येऊन राहिली का?’ सावरगावचे पोट्टे वेगळेच, ‘बुढा पिऊन पडला होता, थे दाखवा!’ आणि पुंडलिकरावांच्या देवकाबाई, ‘त्यायले कोनं बी नेलं असन सर, पन नवी चप्पल कोनं ठेवून घेतली, थे इचारा!’ सगळ्यांना माझं एकच... शेवट मी सांगणार नाही! मी अभ्यासक आहे, पंच नाही!

आणि पडदा कुठं लावला? जाम नदीच्या पात्रात, मधोमध! अलीकडं पांढुर्णा, पलीकडं सावरगाव. अहो, जिथं दरवर्षी गोटमार होते, पात्रात रोवलेला झेंडा निघेपर्यंत दोन्ही गावांचे एकमेकांवरचे दगड थांबत नाहीत, तिथं! ही बुद्धी मला कुठून झाली?

फिल्म संपली. या काठावरून ‘नेलं!’, त्या काठावरून ‘नाही नेलं!’... आणि दोन्हीकडचे लोक सवयीनं खाली वाकले. गोटे! यशवंतराव माझ्या सदऱ्याला लोंबकळले, ‘सर, आता तरी सांगा न जी!’ मी? छातीवर हात ठेवून... शेवट मी सांगणार नाही!

तेवढ्यात पुंडलिकराव उठले, अनवाणी पात्रात उतरले, बांबूवरचा पडदा सोडला, खांद्यावर टाकला आणि ओरडले, ‘झेंडा निघाला! चला आता घरी!’

निघाला म्हटल्यावर काय? वर्षानुवर्षांची शिस्त! गोटे खाली, माणसं घरी.

दुसऱ्या दिवशी पडदा मागायला गेलो. देवकाबाईंनी त्यावर तूर वाळत घातली होती, आणि पुंडलिकराव चारचौघांत बसून ती राखत होते. मी तसाच परत आलो.