तिसरं पाऊल मागे राहतं

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, काकू, डोळ्यांखाली काळं कसलं आलंय? अहो, येईल नाही तर काय, तीन महिने झाले, दुपारी तीनच्या ठोक्याला माझ्या डोक्यावर कोणीतरी चालतंय, आता चालतंय म्हणावं तर चालणारा माणूस कुठेतरी पोचतो तरी, हा आपला तिथल्या तिथे... धप्, धप्, धप्, आणि मग घर्रर्र. मग शांत. मग पुन्हा धप्, धप्, धप्, घर्रर्र. छताचा दिवा झुलायचा, त्याची सावली भिंतीवर झुलायची, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, माझी खाट होडीसारखी हळूहळू कुठेतरी निघालीय... जाऊ दे. मला काय करायचंय, मी आपली आडवी पडलेली.

तर वर राहतात मास्तर. कपडे शिवतात. तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘उंहूं’, त्यापुढे गाडी नाही. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरींच्या ढिगाऱ्यात, चार वाजता सुटतात. मग तीन ते चार हा माणूस घरात एकटा करतो काय? मी विचारायला गेले नाही हं. मी फक्त कान दिला. छत खालून माझंच आहे ना?

आणि तुम्हाला सांगते, कान दिला तिथे फसले. कारण तो तिसरा धप् उशिरा यायचा. धप्, धप्... ... ... धप्. शिंक येता येता अडकावी तसं व्हायचं मला. डोळा लागणार, एवढ्यात दोन धप् होणार, आणि तिसऱ्यासाठी मी श्वास धरून बसणार! शेवटी एक दिवस उठले, जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू घेतला आणि तिसरा जिथे यायला हवा, बरोब्बर तिथे छताला ठोकला. ठक्.

वर सामसूम.

तीन दिवस सामसूम. आता मला झोप लागायला हवी की नको? तीच लागेना. दिवा सरळ लटकतोय, सावली हलत नाही, होडी काठाला लागलेली. चौथ्या दिवशी उशीचा धडधाकट अभ्रा जरासा उसवला, म्हणजे उसवून घेतला, आणि गेले वर.

दार लोटलेलं. बघते तर मास्तर खोलीच्या मधोमध, आणि मिठीत बाई! जीव दचकला हो माझा. मग कळलं, कपडे चढवून बघायचा पुतळा तो. कमरेपासून वर बाई, खाली लोखंडी दांडी आणि तीन चाकं. कमरेभोवती फडकी गुंडाळलेली. म्हटलं, “मास्तर, ही फडकी कशाला?”

मास्तरांनी एकेक करून चारही टाचण्या तोंडातून काढल्या. पंचवीस वर्षांच्या शेजारात त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

“आमच्या हिचं माप आहे,” म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. वहिनींनी दोघांची नावं नाचाच्या वर्गात घातली होती. मास्तर हॉलच्या दारापर्यंत गेले, आत भिंतभर आरसे बघितले आणि “मला एक कोट पुरा करायचाय” म्हणून उलट पावली घरी आले. वहिनी तेव्हापासून एकट्या जातात. त्यांच्या जोडीला औषधाच्या दुकानातला तो लांब तंगड्यांचा. आणि महिनाअखेरीला वर्गाचा कार्यक्रम, ज्याने त्याने आपापलं माणूस घेऊन यायचं.

“मग वहिनींनी विचारलं तुम्हाला?”

“पुन्हा नाही विचारलं. विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो.” पुतळ्याच्या खांद्यावरची धूळ झटकत राहिले. “विचारलंच नाही, तेच लागलं.”

म्हणून हा माणूस, बायको स्वयंपाक करता करता पावलं घोकायची ती शिवणयंत्रावरून चोरून बघून, नजरेनं माप घेऊन, शिकत होता.

“पण भीती वाटते हो काकू. माप चुकलं तर उसवता येतं. पाऊल चुकलं तर काय उसवायचं? आणि तुमची झोप मोडली, माफ करा. तुम्ही ठोकलंत तेव्हा कळलं.”

म्हटलं, “मास्तर, मी झोपेसाठी नाही ठोकलं. तुमचा तिसरा मागे राहतो.”

आणि ते घर्रर्र काय, तेही दिसलं. आमच्या इमारतीची जमीन खिडकीकडे उतरती. लिंबू पडलं तर खिडकीखाली जाऊन थांबतं. तशी ती पुतळाबाई दर फेरीला घरंगळत खिडकीशी जायची आणि मास्तर तिच्या मागोमाग. त्यांना वाटायचं, नाच असाच असतो.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. तीन वाजता मी पाठीवर निजलेली, हातात झाडू उभा, ठक्, आणि वर धप्. ठक्, धप्. उन्हाच्या पट्ट्यात छताची भुकटी तरंगायची, होडी निघायची, आणि खोटं कशाला बोलू, पांघरुणाखाली माझीही पावलं हलायची. आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणायचे, “अगं, छत खाली येईल.” येऊ दे. मला काय करायचंय, मी आपली आडवी पडलेली.

कार्यक्रमाला मला बोलावलं होतं का? नव्हतं. पण खुर्चीत बसायला परवानगी लागते का कोणाची? हॉल वाचनालयाच्या वर. मास्तर आले, स्वतः शिवलेल्या कोटात, आणि वहिनींसमोर नुसता हात पुढे केला. वहिनी त्या हाताकडे अशा बघत राहिल्या, जशी कोणाची तरी चादर चुकून आपल्या गाठोड्यात आलीय.

गाणं लागलं. सगळे फिरायला लागले. मास्तर उभे. हलेनात. आरशातले मास्तरही हलेनात. खाली मान, कपाळावर घाम.

वहिनी हळूच म्हणाल्या, “अहो, राहू द्या. बसू या आपण.”

लोकांना वाटलं लाजले. पण मला कळलं हो, मला कळलं! तो माणूस जमिनीकडे कान लावून उभा होता. खालून ठक् यायची वाट बघत होता. आणि खाली कोण? खाली वाचनालय, तिथे पान उलटलं तरी लोक वळून बघतात.

दारामागे झाडू होता. घेतला, उलटा धरला आणि लाकडी जमिनीवर दिला ठेवून. ठक्.

नाचाच्या बाई म्हणाल्या, “काकू, झाडायचं नंतर.”

ठक्.

मास्तरांनी पाऊल उचललं. एक, दोन, आणि तिसरं... बरोब्बर. घोळका गोल फिरतोय आणि हे दोघं दर फेरीला तिरके खिडकीकडे, पार घोळक्याबाहेर.

“अहो, सगळे तिकडे चाललेत.”

“आपल्याकडे असंच जातात,” मास्तर म्हणाले. तोंडात एकही टाचणी नाही.

आणि वहिनी, पंचवीस वर्षं त्याच उतारावर राहिलेल्या, हसल्या आणि गेल्या की हो त्यांच्याबरोबर. गाणं संपलं तरी खिडकीतल्या उन्हात दोघं फिरतच होते. मी हळूहळू ठोकत राहिले.

आता वहिनींनी धुलाईघरातली पाळी बदलून घेतलीय. तीन वाजता डोक्यावर चार पाय. माझा दंड भरून येतो, चहात भुकटी पडते, झोपेचं नाव नाही.

काल मी सहज यांना म्हटलं, “आपणही बघायचं का?”

यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. छताकडे बराच वेळ बघत राहिले. चपलेतला अंगठा हलत होता, मी बघितला. मग म्हणाले, “नाचलो असतो गं. पण आपण पडलो तळमजल्यावर. आपल्या खाली कोण आहे ठोकायला?”

...वर पहिला धप् आला, घेतला झाडू. मला काय करायचंय, मी आपली आडवी पडले.