मैनाचा लगाम

(वसईजवळच्या सांडोर गावातली केळीची वाडी. आंब्याला मैना नावाची घोडी बांधलेली. महिन्यापूर्वी ती विकणारे आगाशीचे नथूकाका आणि ती विकत घेणारी स्वप्नाली तिच्याजवळ उभे आहेत.)

स्वप्नाली : कोपराचं सोडा हो, काका. खरचटलंय नुसतं.

नथू : पाडलं ना तिनं?

स्वप्नाली : तिने नाही पाडलं. तिने मान झटकली, मी पडले.

नथू : तेच ते.

स्वप्नाली : तेच नाही. तिला लगाम टोचतोय. हे बघा, कानामागचे केस गेलेत. लहान आणला तर कपाळाला पुरत नाही, कान आवळतात. मोठा आणला तर कपाळाला बसतो, पण तोंडाशी लोंबतो. लोखंड दातांवर आपटतं, मग ही वैतागते.

नथू : डोकं म्हशीचं नि तोंड बकरीचं. जन्मली तवाच हंसा बोललेली, देवानं दोन जनावरांचं सामान एकात घातलं म्हनून.

स्वप्नाली : हंसाकाकींचं काही खोटं नाही. मग तुम्ही इतकी वर्षं काय घालायचात?

नथू : लगाम नायच. दोराची मोहरकी, तोंडात लोखंड नाय. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोरं बसवायची नि मी दोर धरून बाजूनं चालायचो. माझे गुडघे चालले तवर धंदा चालला. तुला एकटीला फिरायचं, तुला लगाम पायजेच.

स्वप्नाली : काका, मी तुम्हाला लगामासाठी नाही बोलावलं.

नथू : मंग?

स्वप्नाली : टेम्पो सांगितलाय. मैनाला परत घेऊन जा तुम्ही.

नथू : आई बोलली काय?

स्वप्नाली : आई तर रोज बोलते. पण काल माझ्या हातात लगाम बघून ही थरथरायला लागली हो. कॉलेजात होते तेव्हा दर रविवारी विरारहून अर्नाळ्याला यायचे मी हिच्यासाठी. लांबून बघून खिंकाळायची. आता मला बघून तोंड फिरवते. माझ्या हौसेपायी तिचे हाल नकोत.

नथू : तिची जागा तशीच हाय अजून. हंसा झाडते रोज. मी बोलतो, कशाला झाडतेस? तर बोलते, सवय.

स्वप्नाली : मग न्या ना.

नथू : नेली तर मला बरंच वाटंल, खोटं कशाला बोलू. पन नेऊन करू काय? दाव्याला बांधून ठेवू? तिला चालायला लागतं, नि माझ्यानं आता चालवत नाय… आन ते दोन्ही लगाम इकडं. मोठा कुठं बसतो बोललीस?

स्वप्नाली : कपाळाला आणि कानामागे.

नथू : नि लहान?

स्वप्नाली : तोंडाला. तिथे अगदी नीट… थांबा. दोन्ही सोडून एक करायचा?

नथू : बकलं सारखी हायेत काय बघ.

स्वप्नाली : सारखीच आहेत. वरचे पट्टे मोठ्याचे, गालाचे आणि लोखंड लहानाचं. जमेल, काका. एक भोक वाढवावं लागेल फक्त.

नथू : पाड. नि कानामागं माझ्या पंच्याचा तुकडा गुंडाळ. धुऊन धुऊन मऊ झालाय.

स्वप्नाली : झालं. घाला तुम्हीच.

नथू : तू घाल. मी त्या केळींआड उभा राहतो. मी समोर असलो तर ती माझं ऐकंल, तुझं नाय.

स्वप्नाली : ये गं मैना… काका, कान आत गेले. झटकत नाहीये.

नथू : पट्ट्याखाली दोन बोटं जातात?

स्वप्नाली : आरामात जातात. लोखंड चघळतेय, पण मान खाली आहे. माझ्या खांद्याला नाक लावलंय.

नथू : मंग बस वर. हळू.

स्वप्नाली : बसले. चालतेय, काका. टाच पण नाही लावली, आपणहून चालतेय. बघताय ना?

नथू : पानांतून दिसतं थोडं. विहिरीपर्यंत जाऊन ये.

स्वप्नाली : आलो आम्ही. एकदाही मान नाही उडवली. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगू?

नथू : सांग. मी मागच्या वाटेनं निघतो. नाक्यावर बस भेटंल.

स्वप्नाली : तिला न भेटताच?

नथू : आज नको. आत्ता कुठं तुझ्याकडं बघायला लागलीय.

स्वप्नाली : मग रविवारी या.

नथू : बघू. तवर फोटो पाठव. माझ्या नको, हंसाच्या फोनवर. तीच विचारत असते सारखी.