शुभेच्छुकांच्या रांगेत

काढतो की, आण्णासाहेब. काढायला काय लागतंय — एक बटन दाबलं की तुमचा रणधीर फ्लेक्सवरनं गेला. पण आधी बसा. ती खुर्ची नका घेऊ, तिचा पाय हलतोय. स्टुलावर बसा. हां. आता स्क्रीनवर बगा. मधी हा मोठा, प्रेमभैय्या — परवा वाढदिवस. मोबाईल कानाला लावलाय. कुणाशी बोलतोय? कुणाशीच न्हाय, रिचार्ज पोरं मारत्यात तवा त्यो चालतोय. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळी नववी-धावीची, त्यात हा तुमचा, गॉगल घालून. गॉगल एकच हाय बरं का. नीट बगा — सगळ्यांच्या डाव्या काचंवर एकाच जागी चरा हाय. हितंच बाकड्यावर बसून एकमेकाला घालत फोटो काढले पोरांनी. लई खुशीत हुती.

तुमी म्हणता पोरगं वाया चाललंय. चाललंय का? थोडं चाललंय — शाळंच्या टायमाला चौकात दिसतंय, खोटं कशाला बोलू. पण फोटो काढल्यानं पोरगं त्यांच्यातनं निघत न्हाय, आण्णासाहेब. उद्या हा फ्लेक्स चौकात लागणार. पोरं खाली उभी राहून आधी आपलं तोंड हुडकत्यात, भैय्याचं मागनं बगत्यात. रणधीरचं दिसलं न्हाय तर भैय्या इचारणार, घरच्यांनी काढलं व्हय रं? सगळी हसणार. मग संध्याकाळी त्यो तुमच्याकडं येणार का भैय्याकडं? तुमीच सांगा. न्हाय, सांगू नका, मला ठावं हाय.

आमच्या गल्लीत नागूबाई हाय, किराणावाली. तिचं पोरगं असंच ह्या रांगेत हुतं. तिनं काय केलं — काय केलं न्हाय. सगळ्या पोरांना जेवायला बोलावलं. शेंगोळे केले, जवळ बसून वाढले, कुणाचं कोण, घरी कोण असतंय, सगळं इचारलं. ताटावर बसलं की पोरगं कळतंय बगा. दोघं चांगली निघाली, ती अजून येत्यात तिच्याकडं, अभ्यासबी तिथंच करत्यात. भैय्या आला न्हाय. तिथं ज्याचं ताट त्यानंच उचलायचं हुतं. आता तिचं पोरगं भैय्याकडं जातंय का? जातंय. पण आईला सांगून जातंय आणि जेवायला घरी येतंय. एवढं झालं तरी लई झालं.

हां? कोण, कडंचा? चष्म्याचा? त्यो असाच. जागा रिकामी हुती, म्हणून — गॉगल का न्हाय? त्याला कुणी दिला न्हाय.

व्हय, नाक माझ्यासारखंच हाय. पाटीवर 'श्रीनाथ डिजिटल' लिवलंय न्हवं, त्योच श्रीनाथ. माझा पोरगा. न्हाय, भैय्यानं सांगितलं नव्हतं. म्याच टाकतो. कुणाचाबी वाढदिवस असू द्या, निवड असू द्या, कडंला एक टाकून देतो. आता तुमी म्हणाल का — तुमचा पोरगा वाईट पोरांत हाय म्हणून तुमी आलाव. माझा कुणातच न्हाय. शाळंत डबा एकटा खातोय. सुट्टीच्या दिवशी दारात सायकल पुसत बसतोय, चालवत न्हाय, पुसतोय. आता हे कुणाला सांगायचं? मला वाटलं चौकात चार पोरांत तोंड दिसलं, तर चार पोरं बोलतील. बोलली की. शाळंच्या ग्रुपवर फोटो टाकून इचारलं, ह्यो कोण? तवापासनं त्यो चौकातनं जात न्हाय. बाजारतळाकडनं वळसा घालून शाळंला जातोय. परवा म्हणला, अप्पा, माझा फोटो टाकत जाऊ नका. म्या म्हणलं, असू दे रं, झकास आलाय.

तुमी रणधीरला इचारलं का, भैय्याकडं काय हाय म्हणून? न्हाय ना. म्याबी कुठं इचारलं. त्यानं सांगितलं तरी म्या फोटोचंच बोललो.

थांबा, एक काढतो. तुमचा न्हाय, तुमचा राहू द्या. हे बगा — गेला. जागा मोकळी दिसतीया व्हय? गुलाब टाकू का तिथं? न्हाय. मोकळीच राहू दे, कोण इचारतंय.

आणि ते जेवणाचं मनावर घ्या, आण्णासाहेब. रणधीरच्या आईला सांगा, शेंगोळेच पायजेत असं काय न्हाय, खिचडी चालती. आणि बोलवाल तवा आमच्या श्रीनाथला — न्हाय. काय न्हाय. आधी त्याला इचारतो. निघा तुमी, मला शटर ओढायचंय.