टेकडी आणि घागर

देवासच्या दवाखान्यात, डोळ्यांत औषध घातल्यामुळे मी डोळे मिटून बसले होते. शेजारी सासू-सून मराठीत बोलू लागल्या.

“काय म्हणाल्या गं डॉक्टर, इरा?”

“सोनोग्राफीत सगळं साफ आहे, माई. गर्भ आपोआप पूर्ण पडलाय. सफाई नाही करायची.”

“माताजी पावली! पण अंगावरचं जाणं?”

“आठवडाभर, फार तर दोन. कमी-कमी होत थांबेल. एकदम वाढलं किंवा ताप आला, तर तुरंत यायचं. पाळी महिना-दीड महिन्यानं.”

“आणि... माताजीच्या टेकडीचं विचारलंस? नवस माझा, पायऱ्या तुला चढायला लावल्या.”

“त्यानं होत नाही म्हणाल्या. बहुतेकदा गर्भाचीच वाढ नीट झालेली नसते.”

“अन् पाण्याची घागर उचलल्यानं?”

“आपल्याकडे घागर कुठंय, माई?”

“तुझी नाही गं, माझी. तुझ्या नवऱ्याच्या आधी माझाही एक गर्भ पडला, तेव्हाची.”

“...त्यानंही नाही, माई. मी सिलिंडर उचलला होता ना, म्हणून तेही विचारलं.”

“नक्की?”

“एकदम नक्की. आत जाऊन पुन्हा विचारू का?”

“नको, पुरे. फक्त आज ऐकायला आमच्या सासूबाई हव्या होत्या.”