बद्रीनाथच्या वाटेवर आत्या मागे राहिली

तुम्ही बद्रीनाथचं नाव काढलंत आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. शहाऐंशी साली आम्ही रत्नागिरीहून यात्रेला गेलो होतो. सगळी बस आमच्याच आळीतली. जोशीमठच्या अलीकडे चहाला थांबलो. तिथून निघून बराच वेळ झाल्यावर मी पुढच्या सीटवरून मागे वळून बघतो, तर आत्याच्या जागेवर नुसत्या पिशव्या!

"गाडी थांबवा, आत्या राहिली!" मी ओरडलो.

यात्रा काढणारा मात्र बाहेरगावचा. तो म्हणाला, "पुढचं गेट बंद होईल, मग आज गाड्या वर सोडणार नाहीत. एका बाईसाठी सगळ्यांचा खोळंबा नको. येतील मागच्या गाडीने."

सत्तरीची बाई, हिंदीचा एक शब्द येत नाही, आणि एका अंगाला दरी! मी आरडाओरडा करून गाडी थांबवली, खाली उतरलो आणि बससमोर रस्त्यात बसलो. "आता घाला अंगावर!"

लोकांच्या शिव्या खात मी तिथेच बसून राहिलो. शेवटी मागून लष्कराचा ट्रक आला आणि त्यातून आत्या उतरली. यात्रावाला हात जोडत पुढे झाला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तडक बसमध्ये चढली आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या सुमनकाकूंसमोर उभी राहिली. गावातही दोघींची घरं शेजारीशेजारीच.

"मला वाटलं, तुम्ही पुढे बसलात," काकू पुटपुटल्या.

"तो परका गो, त्याला काय बोलायचं?" आत्या म्हणाली. "पण सुमन, माझ्या जागेवर पिशव्या ठेवताना मी कुठे गेले, हे एकदा तरी विचारावंसं नाय वाटलं तुला?"