दगडावरचा जास्तीचा शब्द

मिराबाई : पट्ट्याला हात लावू नका, व्यंकटराव. पूजा मांडली आहे.

व्यंकटराव : हात कशाला लावू, वहिनी? मी म्हणतो, तासभर तेवढा आत ठेवा. तहसीलदारसाहेब पारावर येऊन बसलेत. तुमच्या मालकाच्या दगडाचा कार्यक्रम झाला की सगळे तुमच्या दारात येणार. अन् दारात काय, तर पोलिसाचा कमरपट्टा, त्यावर निजाम सरकारचा पितळी बिल्ला, वर झेंडूची फुलं!

मिराबाई : मग? आज दसरा आहे. आमच्या घरात दसऱ्याला पट्टा अन् लाठी पुजतात. आजेसासरे हिंगोलीच्या छावणीत पलटणीत होते, तेव्हापासून. तुमी घरी विळे-कोयते पुजले असतील. त्याची मला काही तकलीफ झाली का?

व्यंकटराव : तसं न्हाई हो. निजामाचं राज्य जाऊन महिना न्हाई झाला. लोकांच्या जखमा ओल्या हाईत अजून.

मिराबाई : अन् माझी वाळली का? श्रावणात नवरा गेला माझा, या चावडीच्या दारात. अन् मी वहिनी कधीपासून झाले? तवर तर 'ए जमादारीण' होते.

व्यंकटराव : तुमच्या मालकानं माझा जीव वाचवला. वहिनी न्हाई म्हणू तर काय म्हणू?

मिराबाई : काहीही म्हणा. पट्टा हलणार न्हाई.

रखमाजी : राम राम, जमादारीणबाई. मालक, तुमी इथं बसून राहिले अन् तिकडं माणिकराव लई गरम होऊन राहिले. म्हणतात, दगड यांचा, पाव्हणा यांचा, अन् कमिटीचा अध्यक्ष कुठं दडून बसला?

व्यंकटराव : आलोच म्हणावं. जा, रखमाजी, पळत जाऊन सांग. धनगराला काय, पळायची सवय.

रखमाजी : मेंढरामागं पळतो, मालक. माणिकरावामागं न्हाई पळवत. चला ना, बाई. तुमी गेल्याबिगर दगडावरचं फडकं कुणी काढणार न्हाई.

व्यंकटराव : तेच सांगून राहिलो. वहिनी, काम थोडं आहे. फडकं बाजूला करायचं अन् साहेबांसमोर एक वाक्य बोलायचं.

मिराबाई : कोणतं वाक्य?

व्यंकटराव : हेच, की उत्तमसिंग मनातून आमच्याकडचे होते.

मिराबाई : दगडावर काय लिहिलं आहे, व्यंकटराव?

व्यंकटराव : नाव आहे.

मिराबाई : नुसतं नाव?

व्यंकटराव : नावच की. अजून दोन अक्षरं असतील इकडं तिकडं.

रखमाजी : काहून लपवून राहिले, मालक? फडकं काढल्यावर दिसणारच हाय. बाई, मला काय वाचता येत न्हाई, पण मास्तरानं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'देशभक्त उत्तमसिंग.' वडारानं अक्षर बाकी झकास काढलं.

मिराबाई : देशभक्त?

व्यंकटराव : व्हय.

मिराबाई : तुमाला धरलं कुणी होतं?

व्यंकटराव : आता ते कशाला, वहिनी?

मिराबाई : कुणी धरलं होतं?

व्यंकटराव : त्यांनीच.

मिराबाई : काहून?

व्यंकटराव : चावडीवर तिरंगा लावला म्हणून.

मिराबाई : मारलं?

व्यंकटराव : मारलं. लाठी हीच असंल, जिला तुमी आज हळदकुंकू लावलं.

मिराबाई : हीच आहे. अन् त्या माणसाला तुमी देशभक्त लिहिता. उद्या तुमच्याच गावातलं पोर विचारील, देशभक्तानं झेंडा काहून उतरवला? काय सांगाल?

व्यंकटराव : ऐका तरी. कमिटीत मी दगडाची गोष्ट काढली तर सगळे अंगावर आले. माणिकराव म्हणाले, निजामाच्या पोलिसाचा दगड पारावर बसला तर मी पारच उकरून टाकीन. त्यांच्या भावाला पोलिसांनी किती हाणलं, ठावं आहे तुमाला. मी म्हणलं, या माणसानं जीव दिला. ते म्हणाले, पगार घेत होता, दिला. असं तोंडावर म्हणाले, वहिनी! मग मी काय करू? मी सांगितलं, उत्तमसिंग आतून आपले होते. आमाला बातम्या पोचवीत होते. गोळी लागली तवा 'जय हिंद' म्हणून पडले. तेव्हा कुठं सगळे गप झाले. माणिकरावाच्या सुद्धा डोळ्यात पाणी आलं.

मिराबाई : फुकट गेलं बिचाऱ्याचं पाणी.

रखमाजी : बाई, रागावू नका, पण दोन शब्दांनी काय बिघडतंय? शंभर खोटं बोलून एक लग्न जुळवावं म्हणतात. हे तर गेलेल्या माणसाच्या भल्याचं हाय. अन् तुमचंबी भलं बघा. नवे पोलीस येऊन राहिले. ही सरकारी खोली त्यांना लागंल. देशभक्ताची बायको म्हणल्यावर गाव तुमाला घर दील, कुणी वाकडं बोलणार न्हाई. न्हाईतर निजामाच्या पोलिसाची रांड म्हणून बोलणारे दोन घरं सोडून बसलेत. तुमी ऐकलं नसंल, मी ऐकलं.

मिराबाई : मीही ऐकलं आहे, रखमाजीभाऊ. पाण्याला जाते तिथं ऐकू येतं.

रखमाजी : मग? कुठं जाणार तुमी?

मिराबाई : हिंगोलीला, सासूकडं. पण तिला काय सांगू? तुझा लेक सरकारचा पगार खात होता अन् आतून सरकारचा घात करत होता, म्हणून त्याचा दगड बसला? आमच्या छावणीत त्याला देशभक्त न्हाई म्हणत. नमकहराम म्हणतात. म्हातारी त्या दगडावर थुंकेल.

व्यंकटराव : अहो, कुणाच्या मिठाला जागायचं? त्याच सरकारच्या नाकासमोर रझाकारांनी गावं लुटली! तुमच्या नवऱ्याला गोळी कुणी घातली? त्यांनीच ना?

मिराबाई : त्यांनीच. अन् त्यांच्यापुढं हे उभे राहिले, ते कशात? झेंड्यात का? याच पट्ट्यात उभे राहिले.

व्यंकटराव : मला काय ते कळत न्हाई? मी दाराच्या आत होतो!

मिराबाई : म्हणून तर विचारते. मी तेव्हा हिंगोलीला होते, सासू आजारी होती म्हणून. रखमाजीभाऊ आले ते मागून आले. शेवटचं काय बोलले, ते तुमच्याशिवाय कुणी ऐकलं न्हाई. खरंच 'जय हिंद' म्हणाले?

व्यंकटराव : रखमाजी, तू बाहेर थांब जरा.

मिराबाई : न्हाई. त्यांच्या तिरडीला खांदा द्यायला गावातलं कुणी येईना, तेव्हा रखमाजीभाऊ आले. ते इथंच थांबतील.

रखमाजी : थांबतो. पण मालक, बोला लवकर. तिकडं हलगी वाजायला लागली.

व्यंकटराव : न्हाई. जय हिंद न्हाई म्हणाले.

मिराबाई : मग काय म्हणाले? सगळं सांगा. माझ्यासाठी गाळू नका काही.

व्यंकटराव : दुपार होती. बाळापूरच्या रस्त्यानं टोळी येऊन राहिली म्हणून कुणीतरी ओरडत गेलं. मला मागत होते ते, झेंड्याचा राग. मी कोठडीत. मी उत्तमसिंगाला म्हणलं, मागच्या दारानं सोडा मला. ज्वारी छातीला लागली आहे, एकदा शिरलो की कुणाच्या बापाला सापडत न्हाई. तुमीबी निघा. ते म्हणाले, "हुकूम नहीं."

मिराबाई : असंच म्हणणार ते.

व्यंकटराव : मी रडलो, वहिनी. पाया पडलो. शिव्या दिल्या, आईवरून दिल्या. मला वाटलं, हा मला त्यांच्या हाती देणार. त्यांनी बाहेरून कुलूप घातलं. मग आडात काहीतरी पडल्याचा आवाज आला. किल्ली टाकली होती. दाराला तोंड लावून मला म्हणाले, "चुप बैठ. तू अमानत है मेरी. कल कचेरी में हाजर करूंगा. तब तक तेरे कू न मैं छोडूंगा, न किसी को हाथ लगाने दूंगा."

रखमाजी : अमानत म्हणले?

व्यंकटराव : अमानत. जसा कुणी दागिना ठेवायला दिला असावा. सोडलं असतं तर दोघंबी जगलो असतो. किल्ली दिली असती तर ते तरी जगले असते. दोन्ही केलं न्हाई. टोळीवाल्यांना सुद्धा तेच सांगितलं. हा सरकारी मुलजिम आहे, कचेरीचा कागद आणा अन् घेऊन जा. ते हसले. मग गोळी वाजली. ते दारावर कुऱ्हाड घालत होते, तेवढ्यात रखमाजीचे धनगर गोफणी घेऊन आले.

मिराबाई : अन् शेवटचं?

व्यंकटराव : नको, वहिनी.

मिराबाई : व्यंकटराव.

व्यंकटराव : पाणी मागितलं. दाराच्या फटीतून दिसत होते मला. कोठडीत माझ्याजवळ मडकं भरलेलं होतं. त्यांनीच सकाळी भरून ठेवलेलं. अन् दाराला कुलूप. मी आतून दार बडवलं, ओरडलो, पण बाहेर टोळी. दोनदा म्हणाले पाणी. तिसऱ्यांदा न्हाई म्हणाले. हे मी कमिटीत कसं सांगू? मला तोंडातून काढता येईना. म्हणून ते जय हिंद.

(बाहेर हलगी वाजत राहते.)

रखमाजी : मालक, तुमी डोळे पुसा. असं तोंड घेऊन पारावर जाता येणार न्हाई.

मिराबाई : असंच घेऊन जा. चला, मी येते. पण मी तुमचं वाक्य बोलणार न्हाई. मला विचारलं तर सांगीन, त्यांनी झेंडा उतरवला, तुमाला मारलं, कोंडलं, अन् तुमच्यासाठी मेले. तुमाला असा माणूस पारावर चालत असला तर दगड ठेवा. चालत नसला तर काढून टाका. मी गाडी जोडून हिंगोलीला जाते.

रखमाजी : बाई, माणिकराव दगड ओढ्यात टाकतील. अन् मालकांना त्याच्यामागं.

व्यंकटराव : टाकू दे. तुमी नका बोलू, वहिनी. मी बोलतो.

मिराबाई : काय बोलाल?

व्यंकटराव : जे आत्ता बोललो ते. मी रडलो तेबी.

रखमाजी : तहसीलदारासमोर? अहो, तुमी अध्यक्ष! लोक म्हणतील, खोटं बोलून दगड कोरून घेतला. अध्यक्षपण आज सोनं वाटायच्या आधी जाईल.

व्यंकटराव : जाईल तर जाईल. त्या माणसानं मला न भिता मारलं अन् न भिता वाचवलं. मी त्याला माझ्या भीतीपायी दुसराच करून ठेवला. लाज वाटते रे, रखमाजी. माणिकरावाला म्हणावं, तुझ्या भावाला हाणणारे पोलीस होते, तसा हाबी पोलीसच होता. हाबी हाणायचा. पण धरलेल्या माणसाला त्यानं मरू दिलं न्हाई. एवढं ज्याला समजतं त्यानं हात जोडावेत, न्हाई समजत त्यानं घरी जावं.

मिराबाई : पाण्याचं सांगू नका.

व्यंकटराव : न्हाई सांगत.

मिराबाई : तेवढं माझ्याजवळ राहू द्या.

रखमाजी : बरं, वडाराला काय सांगू ते बोला. तो पारावरच बसला हाय, इनामाची वाट बघत. देशभक्त छिन्नीनं काढावं लागंल. खड्डा पडंल दगडाला, सगळ्यांना दिसंल.

मिराबाई : दिसू द्या.

रखमाजी : अन् त्या जागी? निस्तं उत्तमसिंग बरं न्हाई दिसत. कुठल्याबी उत्तमसिंगाचा दगड वाटंल.

व्यंकटराव : तुमी सांगा, वहिनी. तुमी म्हणाल ते कोरू.

मिराबाई : जमादार.

रखमाजी : एवढंच?

मिराबाई : आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, रखमाजीभाऊ. लग्न झाल्यापासून मी त्यांना याच नावानं हाक मारली.